तक्त्यातल्या पक्क्या ओळी आणि कच्च्या ओळी

आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींतला फरक म्हटलं की वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ येते. डावीकडे 'केंद्रक नसते', उजवीकडे 'केंद्रक असते'. त्याखाली आकार, पेशीभित्तिका, रायबोझोम (प्रथिनं बनवणारे कण), तंतुकणिका (ऊर्जा बनवणारी अंगकं), गुणसूत्रं, विभाजन. आठ-दहा ओळी झाल्या की पान भरतं आणि उत्तरही. पाठ करताना या सगळ्या ओळी सारख्याच वजनाच्या वाटतात, पण तशा त्या नाहीत. काही ओळी भक्कम आहेत, काही बहुतेक वेळा चालतात, आणि एक-दोन चक्क चुकीच्या आहेत. कुठली ओळ कितपत टिकते हे कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही, आणि वर्गीकरणात पुढे जो गोंधळ दिसतो त्याचं कारणही समजतं.

आधी नावांबद्दल थोडं. आदिकेंद्रकींना इंग्रजीत प्रोकॅरिओट म्हणतात (जीवाणू त्यातलेच), दृश्यकेंद्रकींना युकॅरिओट (प्राणी, वनस्पती, कवक). ग्रीक 'कॅरिऑन' म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या कठीण कवचातला गर. 'यू' म्हणजे खरा किंवा चांगला, 'प्रो' म्हणजे आधीचा. मराठीत 'यू'चं शब्दशः भाषांतर न करता 'दृश्य' हा शब्द घेतला गेला, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो, कारण त्यात तपासणीची रीतच सांगितली आहे: सूक्ष्मदर्शीखाली धरा, केंद्रक दिसतं का पाहा. 'आदि' हा शब्द मात्र फसवा आहे. आजचा जीवाणू हा कुणाचा पूर्वज नाही. त्याची वंशावळही आपल्याइतकीच लांब आहे.

एकाच काचेवर दोन्ही

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा गालाच्या आतल्या पेशी बऱ्या. कांद्यात फक्त दृश्यकेंद्रकी पेशी दिसतात. गालाच्या पेशींबरोबर तोंडातले जीवाणू आपोआप येतात, म्हणजे तुलना एकाच दृश्यक्षेत्रात होते.

स्वच्छ काचपट्टीवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा (१०० मिलीलीटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ) छोटा थेंब ठेवा. टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच चार-पाच वेळा खरवडा. जीवाणूही बघायचे असतील तर त्याआधी खळखळून चूळ भरू नका. खरवडलेलं त्या थेंबात पसरवा, हवेवर वाळू द्या. मग ०.५ ते १ टक्का मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका, एक-दोन मिनिटं थांबा, काचपट्टी तिरकी धरून पाण्याची बारीक धार सोडा. पाण्याचा एक थेंब टाकून कव्हरस्लिप ४५ अंशांत टेकवा आणि हळूच खाली सोडा. वापरलेली टूथपिक १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये टाकायची, कचऱ्याच्या डब्यात नाही.

आधी १०एक्स वस्तुभिंगाखाली पेशी शोधा, मग ४०एक्स लावा. वेड्यावाकड्या कडांच्या फिकट निळ्या चकत्या दिसतात, साधारण ५० ते ८० मायक्रोमीटर रुंद. प्रत्येकीच्या मधोमध गडद निळा गोल ठिपका, ८ ते १० मायक्रोमीटरचा. हे केंद्रक. आता त्याच चकतीच्या पृष्ठभागावर आणि कडेने बारीक गडद ठिपके आणि काड्या शोधा. हे जीवाणू, १ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे आपलं नुसतं केंद्रकच एका जीवाणूच्या आठ-दहा पट रुंद असतं. हे प्रमाण एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही.

माप घ्यायला मायक्रोमीटर-स्लाइड नसली तरी अंदाज काढता येतो. नेत्रिकेवर छापलेला क्षेत्रांक पाहा, बहुधा १८ असतो. त्याला वस्तुभिंगाच्या वर्धनाने भागा. १८ भागिले ४० म्हणजे ०.४५ मिलीमीटर, अर्थात ४५० मायक्रोमीटर. हा झाला दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास. त्यात एका ओळीत सात पेशी मावत असतील तर एक पेशी साधारण ६५ मायक्रोमीटरची.

चुका ठरलेल्या असतात. रंग जास्त झाला की सगळी पेशीच गडद निळी होते आणि केंद्रक त्यात बुडून जातं. अशा वेळी कव्हरस्लिपच्या एका कडेला पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला की जादा रंग निघून येतो. जाड काळ्या कडेचं चकचकीत वर्तुळ हा हवेचा बुडबुडा, पेशी नव्हे. टोकदार, कोनदार, पेशीबाहेरच्या मोकळ्या जागेतही सारखेच विखुरलेले निळे कण म्हणजे रंगाचे स्फटिक. रंग गाळून घेतला नसला की ते येतात. नेत्रिका फिरवल्यावर ठिपका तिच्याबरोबर फिरला तर ती भिंगावरची धूळ. आणि जीवाणू दिसतच नसतील तर बहुतेक वेळा डायाफ्रॅम सताड उघडा असतो. तो थोडा मिटला की कड उठून येते.

जीवाणूच्या आत मात्र या सूक्ष्मदर्शीने काही दिसणार नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीची मर्यादा ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास आहे आणि रायबोझोम २० ते ३० नॅनोमीटरचा असतो. 'जीवाणूत काहीच नाही' असं त्यामुळे वाटतं. दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे.

केंद्रकाची ओळ

ही तक्त्यातली पहिली ओळ आणि सगळ्यांत पक्की. पण ती 'असते-नसते' एवढ्यावर सोडली तर तिचा अर्थच हरवतो. जीवाणूतही डीएनए एका ठरावीक भागात गोळा झालेला असतो, त्याला केंद्रकाभ म्हणतात. कमी आहे ते भोवतालचं दुहेरी पटल. त्या पटलाने काय बदलतं, हा खरा प्रश्न.

जीवाणूत डीएनएवरून आरएनएची प्रत निघत असतानाच, ती पूर्ण व्हायच्या आत, रायबोझोम तिला चिकटतात आणि प्रथिन बनवू लागतात. आतड्यात राहणाऱ्या कोलाय (ई. कोलाय) जीवाणूत प्रत काढण्याचा वेग सेकंदाला ४०-५० अक्षरं (म्हणजे आरएनएचे एकेक घटक), आणि रायबोझोम सेकंदाला पंधराएक अमिनो आम्लं जोडतो. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल हा हिशेब लावला तर दोन्ही वेग जवळजवळ जुळतात. एकाच्या मागोमाग दुसरा. दृश्यकेंद्रकीत हे जमत नाही, कारण प्रत केंद्रकात निघते आणि रायबोझोम बाहेर पेशीद्रव्यात असतात. मधल्या वेळात प्रतीची छाटणी होते: निरुपयोगी तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापून टाकले जातात, टोकांना टोपी आणि शेपूट लागते, मगच ती केंद्रकाच्या पटलातल्या छिद्रांतून बाहेर पडते. उशीर होतो, पण याच टप्प्यावर एका जनुकातून वेगवेगळ्या प्रकारे छाटणी करून अनेक प्रथिनं काढता येतात. कोलायच्या के-१२ वाणाच्या डीएनएत सुमारे ४६ लाख बेस-जोड्या आणि साधारण ४,३०० जनुकं आहेत. माणसात एका संचात सुमारे ३१० कोटी जोड्या, पण प्रथिनांची जनुकं २०,००० च्या आसपासच. डीएनए जवळपास सातशे पट, जनुकं पाच पटही नाहीत.

याचा व्यवहारातला परिणाम असा की इंट्रॉन असलेलं मानवी जनुक जसंच्या तसं जीवाणूत घातलं तर हवं ते प्रथिन मिळत नाही. जीवाणूकडे ती कापणारी यंत्रणाच नाही. म्हणून एकतर छाटून तयार झालेल्या आरएनएवरून उलटी डीएनए-प्रत बनवतात, किंवा जनुक रासायनिक रीतीने नव्याने जोडतात. १९७८मध्ये जीवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं गेलं ते या दुसऱ्या वाटेने.

या ओळीवरचा ठरलेला आक्षेप म्हणजे तांबड्या रक्तपेशी. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, मग ती आदिकेंद्रकी का नाही? कारण ती केंद्रक असलेल्या पेशीपासूनच बनते आणि पक्व होताना केंद्रक बाहेर टाकते. वनस्पतीच्या चाळणी-नलिकांचंही तसंच. तक्ता जीवाचा आहे, एखाद्या पेशीच्या एखाद्या अवस्थेचा नाही.

आकाराची ओळ: कच्ची

'आदिकेंद्रकी १ ते १० मायक्रोमीटर, दृश्यकेंद्रकी ५ ते १०० मायक्रोमीटर.' साधारण अंदाजाला ठीक, व्याख्या म्हणून बाद. अंदाज चालतो त्याचं कारण पृष्ठभागाचं गणित. गोल पेशीत पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. १ मायक्रोमीटरच्या पेशीत हे गुणोत्तर ६, तर २० मायक्रोमीटरच्या पेशीत ०.३, वीस पट कमी. जीवाणूत ऊर्जा बाहेरच्या पटलावरच तयार होते, त्यामुळे पेशी फुगली की भूक घनफळाच्या हिशेबाने वाढते आणि कमाई पृष्ठभागाच्या. दृश्यकेंद्रकी पेशीने कमाईची पटलं तंतुकणिकांच्या रूपात आतच घेतली, म्हणून तिला वाढणं परवडलं.

पण अपवाद दोन्ही बाजूंना आहेत आणि ते बारीकसारीक नाहीत. कॅरिबियनमधल्या ग्वादलूपच्या खारफुटीत कुजणाऱ्या पानांवर सापडलेला थायोमार्गरिटा मॅग्निफिका हा जीवाणू सरासरी १ सेंटीमीटर लांब असतो, काही २ सेंटीमीटरपर्यंत. २०२२मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसणारा जीवाणू! गणितातून त्याने काढलेली पळवाट अशी: पेशीच्या मधे भलीमोठी रिक्तिका, आणि जिवंत पेशीद्रव्य कडेने पातळ थरात. शिवाय डीएनएच्या लाखो प्रती, जागोजागी पटलाच्या पुडक्यांत बांधलेल्या. उलट्या टोकाला ऑस्ट्रिओकॉकस हे समुद्री शैवाल: जेमतेम ०.८ मायक्रोमीटर, कोलायपेक्षा लहान, आणि तेवढ्यात एक केंद्रक, एक हरितलवक, एक तंतुकणिका, सगळं व्यवस्थित बसवलेलं.

पेशीभित्तिकेची ओळ: बऱ्याचदा चुकीची

'आदिकेंद्रकीत पेशीभित्तिका असते, दृश्यकेंद्रकीत नसते' असं लिहिलेलं दिसलं तर सरळ खोडा. वनस्पतींना सेल्युलोजची भित्तिका असते, कवकांना कायटिनची. प्राण्यांना नसते. दुसरीकडे मायकोप्लाझ्मा हे जीवाणू असून त्यांना भित्तिकाच नसते. फरक भित्तिकेच्या असण्यात नाही, मालात आहे. जीवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकॅनची, आणि दृश्यकेंद्रकींच्या पेशीभित्तिकेत हा माल वापरलेला नसतो. पेनिसिलिन याच मालाचं विणकाम करणारी विकरं बंद पाडतं, म्हणून आपल्या पेशींना ते इजा करत नाही आणि मायकोप्लाझ्मावर त्याचा काही उपयोग होत नाही.

ग्रॅम रंजन इथेच येतं, आणि विद्यार्थी इथेच घसरतात. दही आणि बेकरीचं यीस्ट घेऊन ते करून पाहण्यासारखं आहे. १०० मिलीलीटर कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश) एक चमचा साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट घालून अर्धा तास ठेवा. दही दहापट पाण्यात पातळ करा. दोन्हींचा एकेक सूक्ष्म थेंब काचपट्टीवर एकत्र करून पातळ पसरवा, हवेवर वाळवा. दह्यातली चरबी रंग धरते आणि चित्र डागाळतं, म्हणून झायलिनमध्ये मिनिटभर बुडवून ती काढतात, मग मिथेनॉलने पेशी काचेवर पक्क्या बसवतात. हे प्रयोगशाळेत, हवेशीर जागी आणि ज्योतीपासून लांब करायचं.

पुढचा क्रम: क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. ९५ टक्के अल्कोहोल १० ते २० सेकंद, धार रंगहीन होईपर्यंतच, लगेच पाणी. सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद, पाणी, टिपून कोरडं. १००एक्स भिंगाखाली तेलाचा थेंब घालून पाहा. दह्यातल्या जांभळ्या काड्या आणि गोलांच्या माळा दिसतील. आणि यीस्टच्या ५ ते ८ मायक्रोमीटरच्या अंडाकृती पेशी, काहींना बाजूने अंकुर फुटलेला, त्याही जांभळ्याच! 'जांभळं म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणजे जीवाणू' असं उत्तर इथे हमखास येतं. ग्रॅम रंजन केंद्रकाबद्दल काहीही सांगत नाही. जाड भित्तिका रंग-आयोडीनचा गोळा अल्कोहोलला धुऊन काढू देते की नाही, एवढंच ते तपासतं. यीस्टची भित्तिका जाड आहे, मग ती कुठल्याही मालाची का असेना. दोघांत फरक करायचा तो आकारावरून आणि अंकुरावरून.

याच कारणाने चुकाही समजतात. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर जांभळे जीवाणू गुलाबी होतात. थर जाड असला तर मधले गुलाबी असायचे ते जांभळे राहतात. संवर्ध २४ तासांपेक्षा जुना असला तर भित्तिका झिजून ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूही रंग सोडतात, म्हणजे शिळ्या आंबट दह्याची स्लाइड दोन्ही रंगांची निघाली तर आश्चर्य नको.

रायबोझोम, तंतुकणिका आणि औषधाची चिठ्ठी

रायबोझोमची ओळ पक्की आहे, पण तिला पुरवणी लागते. जीवाणूंत ७०एस (५०एस आणि ३०एस हे दोन भाग), दृश्यकेंद्रकींच्या पेशीद्रव्यात ८०एस (६०एस आणि ४०एस). बेरीज जुळत नाही, कारण 'एस' हे वजन नसून अपकेंद्रणात कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप आहे, आणि तो वेग आकारावरही ठरतो. ३०एस भागाची अणुपातळीवरची रचना वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २०००मध्ये मांडली. २००९च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमागचं त्यांचं काम ते हेच.

टेट्रासायक्लिन ३०एसला, अझिथ्रोमायसिन ५०एसला धरतं. आपले ८०एस त्यातून सुटतात. म्हणूनच जिथे रोग करणारा जीव दृश्यकेंद्रकी आहे तिथे ही औषधं बहुधा निरुपयोगी. गजकर्ण हा कवकाचा आजार. कवकाची पेशी आपल्या पेशीसारखीच ८०एसवाली, केंद्रकवाली. तिच्यावर नेम धरायला जागाच कमी. जे सापडलं आहे ते म्हणजे एर्गोस्टेरॉल: कवकाच्या पटलात आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी हे असतं, आणि टर्बिनाफाइन किंवा क्लोट्रिमॅझोल त्याची निर्मिती वेगवेगळ्या टप्प्यांवर अडवतात. जीवाणूविरोधी औषधांच्या मानाने कवकविरोधी औषधांचे गट मोजकेच आहेत, त्यामागे हे जवळचं नातं आहे.

पुरवणी अशी: तंतुकणिका आणि हरितलवक हे एके काळी स्वतंत्र जीवाणू होते. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७मध्ये ही कल्पना नव्याने आणि नेटाने मांडली. हरितलवकांपुरती ती मेरेश्कोव्हस्की यांनी १९०५मध्येच मांडली होती. दुहेरी पटल, स्वतःचा वर्तुळाकार डीएनए, स्वतःचे जीवाणूसारखे रायबोझोम, आणि दोन भाग होऊन वाढण्याची रीत, हे सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. त्यामुळे दृश्यकेंद्रकी पेशीत दोन जातींचे रायबोझोम असतात. इथेही पुस्तकी '७०एस' डोळे झाकून लिहू नये. हरितलवकात ७०एस बरोबर आहे, माणसाच्या तंतुकणिकेतले मात्र ५५एस.

हे नातं औषधांत दोन्ही बाजूंनी दिसतं. जेंटामायसिन, अमिकासिन या गटातल्या औषधांनी काहींना कायमचा बहिरेपणा येतो. त्यातल्या काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या रायबोझोमल आरएनएमध्ये एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे तो भाग जीवाणूच्या रायबोझोमसारखा होतो आणि औषध तिथेही चिकटतं. तंतुकणिका आईकडून येतात, म्हणून हा बदलही आईकडूनच. म्हणजे मामाला किंवा मावशीला असं झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगण्यासारखी गोष्ट आहे. उलट बाजू मलेरियाची. प्लाझ्मोडियम दृश्यकेंद्रकी आहे, तरी डॉक्सिसायक्लिन हे जीवाणूचं औषध त्याच्या प्रतिबंधासाठी देतात. कारण त्याच्या पेशीत लवकाचा एक उरलेला अवशेष आहे, आणि त्यातले रायबोझोम जीवाणूच्या घराण्यातले.

'दृश्यकेंद्रकीत तंतुकणिका असतातच' या ओळीलाही एक अपवाद मिळालेला आहे. चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातून मिळवलेल्या मोनोसर्कोमोनॉइड्स या एकपेशीय जीवात तंतुकणिकेचा मागमूसही नाही, हे २०१६मध्ये दाखवलं गेलं. पूर्वजांकडे होती, याने टाकून दिली.

राहिलेल्या ओळी, भराभर

'आदिकेंद्रकीत एकच वर्तुळाकार गुणसूत्र': बहुतेकदा. पटकीच्या जीवाणूत दोन असतात, स्ट्रेप्टोमायसिसचं सरळ असतं. 'कशाभिका असते': दोन्हीकडे असते, पण नावापलीकडे साम्य नाही. जीवाणूची सुमारे २० नॅनोमीटर जाडीची, प्रोपेलरसारखी गोल फिरणारी. आपल्या शुक्राणूची तिच्या दहापट जाड, पटलाने झाकलेली, आत नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधे दोन, आणि ती फिरत नाही, वळवळते.

विभाजनाच्या ओळीत एक गंमत आहे. अनुकूल परिस्थितीत कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, पण त्याच्या डीएनएची एक प्रत पूर्ण व्हायला ४० मिनिटं लागतात. हे जमतं कसं? आधीची प्रत पुरी व्हायच्या आत पुढची सुरू होते. जन्मलेल्या पेशीत नातवंडांसाठीची प्रत आधीच निम्मी झालेली असते. केंद्रकवाल्या पेशीला ही मुभा नाही. तिथे प्रत एकदाच, मग सूत्री विभाजन, मग पुन्हा पहिल्यापासून. यीस्टला त्यासाठी दीड तास लागतो.

वर्गीकरणात ही रेघ आली कुठून

हे शब्द शातों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५मध्ये वापरले, पण फारसे कुणी लक्ष दिलं नाही. १९६२मध्ये स्टॅनियर आणि व्हान नील यांनी जीवाणू म्हणजे काय याची व्याख्या करताना ते पुन्हा पुढे आणले. तोवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आला होता, त्यामुळे रेघ प्रत्यक्ष दिसत होती. नीलहरित शैवालाला त्यामुळे घर बदलावं लागलं. हिरवं, प्रकाशसंश्लेषण करणारं, म्हणून ते वनस्पतींत होतं. पेशीत केंद्रक नाही, हरितलवकही नाही, हरितद्रव्य सरळ आतल्या पटलांवर. म्हणजे तो जीवाणूच. मराठीत 'शैवाल' हा शब्द मात्र चिकटून राहिला, आणि स्पिरुलिनाच्या डबीवर तो आजही वाचायला मिळतो. व्हिटाकर यांच्या १९६९च्या पाच सृष्टींत, म्हणजे शालेय पुस्तकातल्या मांडणीत, सगळे आदिकेंद्रकी एका मोनेरात आणि दृश्यकेंद्रकी उरलेल्या चारांत.

अडचण अशी की मोनेराची व्याख्या 'यांना काय नाही' अशी आहे. केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, आंतर्द्रव्यजालिका नाही. नसण्यावरून गट केला की त्यात नात्यागोत्याचे नसलेलेही येऊन बसतात. 'पाठीचा कणा नसलेले' म्हटलं की गांडूळ, झुरळ आणि जेलीफिश एका पंगतीला, तसं. १९७७मध्ये वूज आणि फॉक्स यांनी रायबोझोममधल्या १६एस आरएनएची अक्षरं ताडून पाहिली, तेव्हा मिथेन बनवणारे 'जीवाणू' बाकीच्या जीवाणूंपासून फार दूरचे निघाले. १९९०मध्ये वूज, कँडलर आणि व्हीलिस यांनी सगळ्या सजीवांचे तीन प्रांत मांडले: जीवाणू, आर्किया (ते मिथेनवाले आणि त्यांचे भाईबंद) आणि दृश्यकेंद्रकी. आर्कियांत केंद्रक नाही, तरी त्यांची डीएनएवरून प्रत काढणारी यंत्रणा आपल्यासारखी आहे. २०१५मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्राच्या तळगाळातून लोकी-आर्कियांचे जनुकसंच मिळाले आणि नातं आणखी घट्ट झालं: दृश्यकेंद्रकींची फांदी आर्कियांच्या आतूनच फुटलेली दिसते. तसं असेल तर 'आदिकेंद्रकी' हे रचनेचं वर्णन म्हणून ठीक, घराणं म्हणून नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर लोणार पाहा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे बेसाल्टमधलं आघाती विवर, पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच १०च्या आसपास. एरवी पाणी हिरवं, त्यात मुख्य वाटा स्पिरुलिनाच्या कुळातल्या नीलहरित जीवाणूंचा. जून २०२०मध्ये ते गुलाबी झालं. पहिला संशय डुनालिएला या शैवालावर गेला: खाऱ्या पाण्यात वाढतं, ताण आला की नारिंगी-लाल रंगद्रव्य साठवतं, आणि दृश्यकेंद्रकी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा रंग निघाला मीठप्रेमी आर्कियांचा. नमुना न हलवता ठेवला तर गुलाबी जैवभार तळाशी बसून वरचं पाणी नितळ होत होतं, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पेशींत होता.

एका तळ्याच्या गोष्टीत दोन रंगकरी आणि एक संशयित, तिन्ही प्रांतांतला एकेक. दोन रकान्यांच्या तक्त्यात हिरवा जीवाणू आणि गुलाबी आर्किया एकाच बाजूला पडतात, डुनालिएला दुसऱ्या. वंशावळीत गुलाबीवाला त्या हिरव्या जीवाणूपेक्षा डुनालिएलाला जवळचा.

म्हणून वहीत दोन रेघा ओढून तीन रकाने करावेत. मधला आर्कियांचा रकाना असा भरतो: केंद्रक नाही. रायबोझोम ७०एस. भित्तिकेत पेप्टिडोग्लायकॅन नाही, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी. पटलातले मेद ईथर बंधाने जोडलेले, तर जीवाणू आणि दृश्यकेंद्रकी दोघांत ते एस्टर बंधाने. अनेकांत डीएनए हिस्टोन या प्रथिनांभोवती गुंडाळलेला, आपल्यासारखा. आणि तक्त्यात सहसा नसलेली एक ओळ तेवढी जोडा: प्रथिनाची सुरुवात. आर्किया आणि आपलं पेशीद्रव्य मेथिओनिन या साध्या अमिनो आम्लाने सुरुवात करतात, जीवाणू फॉर्मिल हा छोटा रासायनिक गट जोडलेल्या मेथिओनिनने. आपल्या पांढऱ्या पेशी जीवाणूची चाहूल घेतात ती याच फॉर्मिलच्या खुणेवरून. तंतुकणिकाही प्रथिनाला तसंच सुरू करतात, म्हणून मोठ्या अपघातात स्नायू चिरडून त्या फुटल्या की जखमेत एकही जीवाणू नसताना पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात.